उघाडीपासूनची यादी

घडीमास्तर एकदा बोललेलं पुन्हा बोलत नसत.

“चहा घेणार, मास्तर?”

“नको.”

“पाणी तरी?”

“मागे एक.”

म्हणजे एक उत्तर मागे जायचं, तिथं जे म्हटलं तेच इथं लागू. कधी “मागे तीन” असायचं, मग मला बोटं मोजत मागे जावं लागायचं. काही दिवस मी सोसलं. मग म्हटलं, “मास्तर, ‘नको’ म्हणायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ तुम्हाला ‘मागे एक’ म्हणायला लागतो. यात कसली आली बचत?” ते थबकले. खिशातून घड्याळ काढलं, शर्यतीत धरतात तसलं, बटण दाबून थांबवायचं. दोन्ही पाच-पाच वेळा म्हणून बघितलं आणि म्हणाले, “बरोबर आहे, काका. लहान बोलण्याला परवडत नाही.” त्या दिवसापासून “नको” ते दहादा म्हणायला लागले. लांबलचक मात्र दुसऱ्यांदा कधीच नाही.

एवढा शिकलेला माणूस माझं ऐकतो, हे मला आवडलं. मी दुसरीतून शाळा सोडली. पण मला कोणी येडा समजू नये, हे मी पहिल्या दिवशीच सांगतो सगळ्यांना.

वालीवला माझे दोन गाळे आहेत. जमीन आमची भाताची, खाडीच्या बांधाआतली. भात गेलं आणि गाळे आले. एका गाळ्यात तेव्हा बाटल्यांची झाकणं पाडायचं मशीन होतं, दुसरा रिकामा. दोन हजार सालाला जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी आवई उठली होती, ती फुकट गेली. त्याच्या पुढच्या वर्षी हा माणूस टेम्पोत तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एकच खुर्ची घालून माझ्या दारात आला. चाळिशी उलटलेली. शर्टावर इस्त्री नाही, नुसत्या घडीच्या रेघा, खिडकीच्या गजांसारख्या सरळ. राहायला मनवेलपाड्यात, एकटे. बिल्डिंगवाल्यांनी पंख्यांच्या आवाजाची तक्रार केली म्हणून गाळा शोधत होते.

“धंदा काय?” मी विचारलं.

“डेटाबेस करतो. नोंदी ठेवायचं कपाट समजा. हॉस्पिटलसाठी. पेशंटचं नाव, रक्त कुठलं, औषध कुठलं चालत नाही. कपाट भरत जातं, म्हणून आतलं सगळं घडी घालून ठेवायचं. आता घडी घालणारी लायब्ररी निवडायची आहे.”

“पुस्तकांचं वजन किती? वरचा माळा कच्चा हाय.”

ते हसले नाहीत. त्यांना हसताना मी पाहिलंच नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं, की लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेलं तयार काम. ते आपल्या कामात जोडायचं, सुतार तयार चौकट आणून भिंतीत बसवतो तसं. मला लगेच कळलं. मला समजावून सांगितलं की कळतं. लोक समजावत नाहीत.

घडीमास्तर हे नाव झाकणांच्या मशीनवरच्या बायकांनी पाडलं. कारण हा माणूस दिसेल त्याची घडी घालायचा. वर्तमानपत्र, एसटीचं तिकीट, केळ्याची साल सुद्धा. घडी घालताना घड्याळ दाबायचे, उलगडताना परत दाबायचे, आणि दोन आकडे खडूनं शटरच्या आतल्या बाजूला लिहायचे.

“घालायला वेळ लागला तरी चालतो, काका,” ते म्हणायचे. “घडी एकदाच घालायची असते. उलगडायची हजारदा. पेशंट तळमळतोय, डॉक्टर समोर उभा आहे, तेव्हा कपाटानं ‘थांबा, उलगडतोय’ म्हणायचं का?”

त्यांच्याकडे तीन लायब्ऱ्या होत्या. खरी नावं इंग्रजी, माझ्या जिभेवर बसेनात. मग मीच नावं ठेवली आणि ती त्यांनी मान्य केली. एक गवंडी: फार घट्ट रचायचा, पण त्याचं उलगडायला बसलं की मास्तरांचा चहा निवायचा. तो पहिल्या आठवड्यात बाद झाला. दुसरा पोस्टमन: दर वळणाला पत्ता तपासणार, मगच पुढे. तिसरा वारा. वाऱ्याच्या निम्म्या वेगानं सुद्धा पोस्टमन धावत नव्हता. शटरवर वाऱ्याचे आकडे एवढेएवढेसे आणि पोस्टमनचे लांब. निवड झाल्यातच जमा होती.

एकदा मास्तर अर्नाळ्याला गेले आणि सुके बोंबील घेऊन आले. आमच्या घरी येऊन माझ्या बायकोकडे थाळी मागितली, त्यात पाणी घेऊन बोंबील भिजत घातले आणि घड्याळ दाबून समोर बसले.

“मास्तर, कालवण करायचं का त्याचं?” बायकोनं विचारलं.

“नाही वहिनी. परत ओले होतात का बघतोय.”

“सुकलेलं परत ताजं व्हतं का कुठं? दर्यात सोडा, पोहतील!”

ते दुपारभर बसले. मग एक बोंबील उचलून डोळ्यांशी धरला आणि म्हणाले, “सुकवणं म्हणजे घडी नव्हे. यातलं गेलं ते गेलं. घडी अशी पाहिजे की सोडली की तसंच्या तसं. एक काटा कमी नको, एक काटा जास्त नको.”

बायको मला आत म्हणाली, “अवं, ह्या मानसाचं कोनी गेलेलं हाय. परत आनायला बघतोय.”

तेव्हा मी तिला गप्प केलं.

मनवेलपाड्याच्या त्यांच्या घरी मी एकदाच गेलो. भिंती कोऱ्या. एक ताट, एक वाटी, एक चादर. चहा त्यांनी एका कपात दिला, मी प्यायलो, त्यांनी तोच कप धुतला आणि मग स्वतःसाठी ओतला. मी म्हटलं, “दुसरा कप नाही?” तर म्हणाले, “पहिल्यासारखाच असतो की.” माझा चहा होईपर्यंत ते समोर उभे होते, हात बांधून, माझ्या तोंडाकडे बघत. घरात घड्याळाचा आवाज नाही, शेजारच्या टीव्हीचा नाही.  मी चटका बसला तरी कप संपवला.

आता यादीचं सांगतो.

हॉस्पिटलच्या खऱ्या नोंदी तपासायला वापरता येत नाहीत, लोकांची खाजगी गोष्ट. म्हणून मास्तरांना खरी वाटतील अशी नावं हवी होती, खूप हवी होती. मी म्हटलं, गावच सांगतो तुम्हाला. जुनं गाव, गाळे व्हायच्या आधीचं. कोणाचं खार, म्हणजे खाडीकाठचं भाताचं शेत, कुठं, घर कुठं, घरात कोण. सगळं माझ्या डोक्यात आहे, कागद लागत नाही. गावात माझ्याएवढं कोणाला येत नाही, आणि आता तर येणारे राहिलेच नाहीत.

मी सांगायला सुरुवात केली ती उघाडीपासून. खाडीच्या बांधाला पाणी आतबाहेर करायला लाकडी फळीचं दार असायचं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. तिथून आमचं खार, मग मिठागराची झोपडी, मग पिंपळ, मग विहीर, मग घरं आणि शेवटी आमचं घर. भात लावून संध्याकाळी परतताना ज्या वाटेनं माणूस येतो, त्या वाटेनं. बऱ्याच दुपारी गेल्या. मी गोणीवर बसून डोळे मिटून सांगायचो, मास्तर टाइप करायचे. पडद्यावर मराठी अक्षरं उमटायची.

शेवटच्या दुपारी आमच्या घराशी आलो. “गोविंद. बायको चंद्री. मुलं,” आणि माझं नाव सांगितलं, “मग जनू, मग मंजी.”

बोलून गेलो आणि डोळे उघडले. पडद्यावर ते नाव होतं. दोनच अक्षरं. पन्नास वर्षांत मी ते उच्चारलं नव्हतं, लिहिलेलं तर कधीच पाहिलं नव्हतं.

“ते काढा.”

“कोणतं?”

“जनू. काढून टाका.”

“तो माणूस नव्हता का?”

“काढा म्हटलं ना!”

त्यांनी काढलं. मी खाली वाकून पडद्यावर बोट फिरवलं, नाही ना, याची खात्री केली.

जनू माझा धाकटा भाऊ. चार वर्षांचा असताना उघाडीत बुडाला. गावाला माहीत होतं ते एवढंच, की पोरगं एकटं भटकत बांधावर गेलं. मला माहीत होतं ते वेगळं. त्याला मी नेला होता. फळीला धरून बसवला आणि सांगितलं, “हितंच बस, मी येतो,” आणि चिंबोऱ्या पकडायला पुढं गेलो. भरती आली. घरी येऊन मी आईला म्हटलं, मला ठाऊक नाही, मी पाहिलाच नाही त्याला. नऊ वर्षांचा होतो. पण खोटं ते खोटं, आणि मग ते दर वर्षी माझ्याबरोबर मोठं झालं. म्हणून ते नाव कुठं नको होतं. नाव आलं की लोक विचारतात, कोण, कधी, कसा.

वाऱ्याची पहिली मोठी परीक्षा आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी झाली. सगळ्या गाळ्यांचं काम बंद. झाकणांचं मशीन गप्प. यादी घडी घालून परत उलगडायची आणि उलगडलेली कागदावर छापायची. कॉम्प्युटर आपला आपण ताडून बघतो, पण मास्तरांना तेवढं पुरत नसे. “त्याच्या डोक्याबाहेरचा एक साक्षीदार पाहिजे,” म्हणायचे. तो साक्षीदार मी. ते छापलेलं वाचणार, मी डोळे मिटून “बरोबर” म्हणणार.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. आवाज सपाट, एका सुरात.

“उघाडी.”

“बरोबर.”

“उघाडीचं खार. गोविंद. जनू.”

मी डोळे उघडले.

“काका?”

“काय म्हटलंत?”

मास्तर आयुष्यात पहिल्यांदा तेच पुन्हा बोलले. “उघाडीचं खार. गोविंद. जनू.”

मी कागद ओढून घेतला. बोट ठेवून वाचलं. होतं. ज्या ओळीवर मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं, त्या ओळीवर, जिथं बसवला होता तिथं.

“कोण आहे हा?” त्यांनी विचारलं.

“कुनी नाय. तुमचा कॉम्प्युटर बिघडला.”

मास्तर दोन दिवस खुर्चीतून उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला बोलावून समजावलं. घडी घालणारा एकदा आलेलं पुन्हा लिहीत नाही; ‘मागे इतकी पावलं जा, तिथून इतकी अक्षरं उचल’ एवढंच लिहितो. मला तेव्हा त्यांच्या बोलण्याची सवय कुठून आली ते उमगलं. पोस्टमन मागे जाताना बघतो, की आपण आपल्याच बांधाच्या आत आहोत ना. वारा बघत नाही, म्हणून तो पळतो. एखादं पाऊल बांधाबाहेर पडलं तर बाहेर जे पडलंय ते उचलून आणतो.

“पण तुम्ही तर पुसलं होतं.”

“पुसतात म्हणजे काय करतात, काका? ‘ही जागा रिकामी’ अशी पाटी लावतात. माल तिथंच असतो. वर दुसरं काही येऊन पडेपर्यंत तसाच.”

“किती दिवस?”

“कितीही.”

दुसऱ्या परीक्षेला मी छाती काढून गेलो. उघाडीचं खार बरोबर आलं, कोणी जास्त नाही. मी सुटलो असं वाटलं तोच मास्तरांनी वाचलं, “मिठागराची झोपडी. राखणदार भिवा. जनू.”

तिसऱ्या परीक्षेला मिठागर साफ होतं. पिंपळ साफ होता. “विहीर,” त्यांनी वाचलं आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. मग हळू म्हणाले, “जनू.”

भर दुपार होती. बाहेर टेम्पो उभा होता, बायका जेवणाचे डबे उघडून हसत होत्या.  मी मनातल्या मनात ती वाट चाललो. उघाडी, मिठागर, पिंपळ, विहीर. विहिरीपुढं पाच घरं आणि मग आमचं दार.

“दर वेळी मी वर एक-दोन ओळी वाढवतो,” मास्तर म्हणाले, “म्हणून ते सरकतं.”

“कुठल्या बाजूला सरकतं?”

 त्यांनी कागदाची घडी घातली, पण घड्याळ दाबलं नाही.

घरी मी बायकोला नुसतं म्हटलं, मास्तरांच्या यादीत एक चुकीचं नाव येतंय. तिनं विचारलं, कोणतं. मी सांगितलं नाही. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, “सासूबाई होत्या तवर रोज दिवेलागनीला दाराभायेर तांब्याभर पानी ठेवीत. पाय धुवायला. सगळी मानसं घरात आली तरी ठेवीत. कुनासाठी ते कधी बोलल्या नाय, मी पन नाय विचारलं.”

मी जेवलो नाही. चौथ्या परीक्षेला जायचं नाही असं ठरवलं, आणि मी ठरवलं की ठरवलं.

त्याच आठवड्यात मास्तरांचा पार्टनर अंधेरीहून गाडी घेऊन आला. गिऱ्हाईक आणायचं काम त्याचं. शटरवरचे खडूचे आकडे बघून तो नाचायलाच लागला. “अरे यार, हा दुप्पट फास्ट आहे! घाल आणि मोकळा हो. सोमवारी डेमो आहे.”

“यातून बाहेरचं आत येतं,” मास्तर म्हणाले.

“काय येतं?”

“एक नाव. जनू.”

“एक नाव! एवढ्या मोठ्या लिस्टमध्ये एक नाव इकडचं तिकडे, कोण बघणार आहे?”

मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. “हे बघतात.”

पार्टनर वळला. “अंकल, तुम्हीच सांगा याला. तुमच्या गावाची लिस्ट ना? हा जनू कोण आहे? तुम्ही सांगितला होता का?”

एवढंच म्हणायचं होतं, की होय, सांगितला होता, मग पुसायला लावला, आणि पुसलेला परत आला. मास्तरांची बाजू तिथल्या तिथं खरी ठरली असती.  पण माझ्या तोंडून आलं ते पन्नास वर्षांपूर्वीचंच आलं.

“मला ठाऊक नाय. असा कुनी नव्हता.”

“झालं तर!” पार्टनर टाळी वाजवून म्हणाला. “टायपिंगमध्ये काहीतरी घोळ असेल. लायब्ररी बरोबर आहे, तुझी टेस्ट चूक आहे.”

मास्तरांना माहीत होतं मी खोटं बोलतोय. नाव त्यांनीच टाइप केलं होतं, त्यांनीच पुसलं होतं. ते बोलले असते तर मी काही करू शकलो नसतो. ते माझ्याकडे बघत राहिले, चहाच्या त्या कपाच्या वेळी बघत होते तसे.

“काय करायचं बोल,” पार्टनर म्हणाला. “वारा-बिरा जे काय नाव असेल ते, घालतोस की नाही?”

“नाही. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाईल.”

“कोण सांगतं जाईल म्हणून? कोण बघणार आहे?”

मास्तर म्हणाले, “मागे दोन.”

दोन उत्तरं मागे मी मोजत गेलो. *हे बघतात.* माझ्यासमोर, माझ्या खोट्यानंतर, त्यांनी परत माझीच साक्ष काढली होती.

पार्टनर गाडीत बसून गेला आणि गिऱ्हाईक दुसरीकडे घेऊन गेला. मास्तरांचं वर्षाचं काम बसलं. गाळ्यात पंखे फिरत राहिले आणि ते खुर्चीत बसून राहिले. बाहेरून बघितलं तर असं वाटायचं, कोणीतरी त्यांना इथंच बस, मी येतो, असं सांगून गेलंय. ते वाटलं आणि मला राहवेना.

मी आपला आपण गेलो. “मास्तर, पोस्टमन लावून बघितला का?”

“लावलाय. छापून तयार आहे. साक्षीदार नव्हता.”

मी गोणीवर बसलो. डोळे मिटले. ते वाचायला लागले.

उघाडी, बरोबर. उघाडीचं खार, गोविंद. पुढं काही नाही. बरोबर. मिठागर, भिवा, कोणी नाही. बरोबर. पिंपळ. विहीर. विहिरीशीही कोणी नव्हतं. मग पाच घरं, एकेक माणूस, त्यांच्या बायका, त्यांची पोरं. बरोबर, बरोबर. कुठं एक काटा कमी नाही, एक काटा जास्त नाही. मग आमचं घर.

“गोविंद. बायको चंद्री. मुलं,” माझं नाव, “मंजी.”

मी हेच मागितलं होतं. मी सांगितलं होतं तसंच्या तसं आलं होतं. वाटभर जो चालत होता तो आता कुठंच नव्हता. दाराशी येऊन नव्हता. मास्तर वाट बघत होते. पंख्यांचा आवाज येत होता, आणि त्या आवाजाखाली मला भरतीचं पाणी फळीवर आपटतं तसं काहीतरी ऐकू येत होतं.

“काका? बरोबर?”

“चूक,” मी म्हटलं.

त्यांनी पडदा बघितला. “कॉम्प्युटर म्हणतो अक्षर न् अक्षर जुळतंय.”

“कॉम्प्युटर बरोबर असंल. यादी चूक हाय. एक जन कमी हाय.” मी डोळे उघडले नाहीत. “जनू. जनार्दन गोविंद. माझ्यानंतरचा. आनि तो एकटा गेला नव्हता बांधावर. मी नेला होता. मी बसवला होता त्याला तिथं.”

मास्तर धीर धरा म्हणाले नाहीत, लहान होतात म्हणाले नाहीत. टाइप केल्याचा आवाज आला, थोडासाच. दोन अक्षरांना किती वेळ लागणार. मग प्रिंटर कर्रकर्र चालला आणि त्यांनी शेवटची ओळ वाचली. चौघं आईबाप-भावंडं आणि मधे जनू.

“बरोबर,” मी म्हटलं.

मग त्यांनी एक केलं, जे त्यांना करायची गरज नव्हती. पोस्टमन काढून पुन्हा वारा लावला, तीच यादी घातली, उलगडली, छापली. परत. परत. दिवे लागेपर्यंत. जनू आमच्या घरात होता, आणि बाकी कुठल्याच ओळीवर नव्हता. ना खारात, ना विहिरीशी.

“आता का नाही येत?” मी विचारलं.

“नवी नोंद त्या रिकाम्या जागेत जाऊन बसली. बाहेर काही उरलं नाही.”

“मग वारा चालेल की आता.”

“नाही. भोक आहे ते आहेच. दुसऱ्या कोणाचा कोणी असेल बाहेर.” त्यांनी शटरवरचे वाऱ्याचे सगळे आकडे पुसले. पोस्टमन घातलेलं ते कपाट पुढं एका लहान हॉस्पिटलनं घेतलं. हळू चालतं अशी कुरकुर व्हायची, पण नावाची तक्रार आली नाही.

त्या संध्याकाळी निघताना मास्तर शटरापाशी थांबले. त्यांची रोजची रीत अशी, की शटर ओढायचं, कुलूप लावायचं, मग परत उघडून पाहायचं, होतं तसं उघडतं ना, आणि मग पुन्हा लावायचं. त्या दिवशी ते नुसते कडीला हात लावून उभे राहिले.

“काका, एक सांगायचं राहिलं. मी दर वेळी ओळी वाढवतो म्हटलं होतं ना. पण तो मिठागराशी आला त्या परीक्षेपासून विहिरीशी आला त्या परीक्षेपर्यंत मी एकही ओळ वाढवली नव्हती.”

“मग कसा सरकला?”

 समजावून सांगणारा माणूस तो, पण हे त्यांनी मला समजावलं नाही. शटर ओढलं, आणि खाली वीतभर फट ठेवून दोन्ही बाजूंना विटा लावल्या. एवढ्या फटीतून मोठं माणूस आत जाऊ शकत नाही.

 

दोन वर्षांनी ते गाळा सोडून गेले, कुठं ते कळवलं नाही. खुर्ची आणि ती यादी मला देऊन गेले. आता तिथं पुठ्ठ्याची खोकी करणारे भाडेकरू आहेत. शटर खाली टेकत नाही, उंदीर येतात, चोर येतील, म्हणून माझ्याशी भांडतात. मी सांगितलं, जागा माझी आहे, राहायचं तर असंच राहायचं. दिवेलागणीला मी स्वतः जाऊन बघतो, फट आहे ना. आणि तांब्याभर पाणी ठेवून येतो.